कागद, चपडा आणि चायना ग्रास: मातीत परतणारा ट्रान्झिस्टर कसा बनवायचा

दादरला आमच्या कॉलेजच्या गच्चीवर तीन कुंड्या आहेत. एकीत तुळस, दुसरीत कढीपत्ता. तिसरीत झाड नाही. तिच्यात मी आणि माझी मुलं सर्किटं पुरतो.

गेल्या ऑगस्टच्या शेवटी त्या तिसऱ्या कुंडीतून नायलॉनच्या जाळीची पिशवी उकरून काढली. सहा आठवड्यांपूर्वी तिच्यात तीन तुकडे घातले होते: साधा फिल्टर पेपर, चपड्याचे (लाखेच्या राळेचे) तीन हात दिलेला फिल्टर पेपर आणि दुधाच्या पिशवीची पट्टी. साधा कागद संपला होता, जाळीला चिकटलेले चारदोन तंतू तेवढे राहिले होते. दुधाची पिशवी पुसल्यावर तारीखसुद्धा वाचता आली. चपड्याचा तुकडा मात्र कडेने कुरतडल्यासारखा झाला होता, मधोमध शाबूत, उन्हात धरला तर मधासारखा पिवळा. "मॅडम, हा तर कुजतच नाहीये," एक मुलगी हिरमुसून म्हणाली. मला तो तुकडा फार आवडला. सेन्सर पावसात टिकायला हवा असेल तर हाच चपडा त्याचं रक्षण करणार, आणि लवकर नाहीसा व्हायला हवा असेल तर हाच आडवा येणार. वस्तू किती दिवस जगावी आणि कुठे संपावी, हे साहित्य घ्यायच्या आधी ठरवावं लागतं. पुढची सगळी कृती त्या एका निर्णयावर उभी आहे.

या लेखात आपण एक खराखुरा सेंद्रिय ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचा प्रवाह कमी-जास्त करणारा कार्बनी पदार्थांचा घटक, बनवणार आहोत. त्याला निर्वात यंत्र लागत नाही, स्वच्छ-कक्ष लागत नाही. एक व्होल्टच्या आत चालतो आणि साध्या मल्टिमीटरवर दिसतो. कॉलेजची प्रयोगशाळा असेल तर दोन दुपारी पुरतात.

आधी दोन शब्द वेगळे करू

जैवविघटनशील आणि जैवसुसंगत हे शब्द जोडीने येतात म्हणून लोक ते एकच समजतात. जैवविघटनशील म्हणजे सूक्ष्मजीव ज्याचे तुकडे करून, खाऊन, शेवटी पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि स्वतःचं शरीर बनवतात ते. जैवसुसंगत म्हणजे शरीराच्या संपर्कात असताना, ठरावीक जागी आणि ठरावीक काळ, इजा न करणारं. टायटॅनियमचा सांधा शरीराला चालतो, पण तो कधी कुजत नाही. उलट, मातीत सहज कुजणाऱ्या कित्येक गोष्टी जखमेवर ठेवण्याजोग्या नसतात. तिसरा शब्द विरघळणारं. मीठ पाण्यात विरघळतं, पण कुजत नाही. एखादा थर पाण्यात दिसेनासा झाला म्हणून तो संपला असं धरू नका, तो पाण्याबरोबर पुढे गेला.

शिवाय 'विघटनशील' हा शब्द जागा सांगितल्याशिवाय अपुरा आहे. मक्यापासून बनणारं प्लॅस्टिक, पॉलिलॅक्टिक आम्ल, घ्या. औद्योगिक कंपोस्टमध्ये, ५८-६० अंश सेल्सियसला, ते काही महिन्यांत तुटतं. आमच्या गच्चीवरच्या कुंडीत ते वर्ष काढतं. मुंबईत वेगळा न केलेला कचरा जातो तो डम्पिंग ग्राउंडला. देवनारचं तर १९२७ पासून आहे. तिथल्या ढिगाच्या पोटात हवा नसते, आणि हवेत कुजणारी वस्तू तिथे वेगळ्याच गतीने, मिथेन सोडत कुजते. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लिहा: माझं सर्किट कुठे संपणार? कुंडीत, कंपोस्टच्या ड्रममध्ये, समुद्राच्या पाण्यात की शरीरात? आपण या लेखापुरतं उत्तर धरू: कुंडीत, साधारण एका पावसाळ्यात.

हा खटाटोप कशासाठी, तर २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला २२.३ टक्केच नोंद होऊन नीट गोळा झाला व पुनर्वापरात गेला. लॅमिंग्टन रोडवरून एक सेन्सर आणायला दहा मिनिटं लागतात. तो संपल्यावर ठेवायचा कुठे, याचं उत्तर त्या रस्त्यावर मिळत नाही.

थर कोणते आणि कशाचे

कोणतंही सेंद्रिय उपकरण पाच कामांत वाटता येतं: खालचा पाया, वीज नेणारे वाहक, मधला अर्धवाहक (सेमीकंडक्टर), वीज अडवणारा थर आणि वरचं कवच. पाया आणि कवच हे वजनाने सगळ्यात जास्त असतात, म्हणून कुजण्याचा हिशोब तिथेच जिंकता येतो. अर्धवाहक वजनाने चिमूटभर, पण सगळ्यात अवघड.

पायासाठी पर्याय भरपूर: कागद, जिलेटिन, रेशमातलं फायब्रॉइन, चपडा. ऑस्ट्रियातल्या लिन्झ विद्यापीठात मिहाई इरिमिया-व्लादू, सरिचिफ्ची आणि बाउअर यांच्या गटाने २०१० साली औषधाच्या जिलेटिन कॅप्सूलवर आणि साखरेच्या पाकातून बनवलेल्या चकतीवर ट्रान्झिस्टर बांधले. वीज अडवायला त्यांनी डीएनएतले अॅडेनिन आणि ग्वानिन वापरले, ग्लुकोज आणि लॅक्टोजसारख्या साखरा वापरल्या. २०१२ साली त्यांनी नीळ अर्धवाहक म्हणून वापरून दाखवली. हीच आपली कपड्यांची, चंपारणची नीळ. तिच्यातून इलेक्ट्रॉन आणि धन-छिद्रं दोन्ही वाहतात, दोघांची गतिशीलता, म्हणजे ते किती सहज सरकतात त्याचं माप, साधारण ०.०१ चौरस सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद. सिलिकॉनच्या मानाने ती फारच कमी, पण उघड्या हवेत टिकते. निळीचे रेणू हायड्रोजन-बंधांनी शेजाऱ्याला इतके घट्ट धरून बसतात की पाणी आणि ऑक्सिजनला आत शिरणं जड जातं. अडचण अशी की तिचा थर निर्वातात तापवून, वाफ करून बसवावा लागतो. म्हणून आपल्या पहिल्या प्रयोगात नीळ नाही.

२०१७ साली स्टॅनफर्डच्या झेनान बाओ यांच्या गटाने आणखी पुढचं पाऊल टाकलं. त्यांनी अर्धवाहक बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) साखळीतच इमीन नावाचा असा दुवा घातला, जो सौम्य आम्लात तुटतो. पाया पातळ सेल्युलोजचा आणि इलेक्ट्रोड लोखंडाचे. म्हणजे तिथे अर्धवाहकसुद्धा मागे राहत नाही. असं बहुवारिक बाजारात मिळत नाही, ते बनवायला सेंद्रिय रसायनाची पक्की प्रयोगशाळा लागते.

आपण वापरणार आहोत पेडॉट-पीएसएस. हे पाण्यात मिसळलेलं गडद निळं बहुवारिक आहे: त्यातलं पेडॉट वीज नेतं, पीएसएस हे आम्ल त्याला पाण्यात धरून ठेवतं. पेशी त्याच्यावर वाढतात, मेंदूत बसवायच्या इलेक्ट्रोडवर त्याचा लेप देतात, म्हणजे सुसंगतीच्या बाजूने ते बरंच पुढे आहे. मातीत मात्र ते सहजी कुजत नाही. हे मी मुलांना पहिल्याच दिवशी सांगते, कारण 'शंभर टक्के विघटनशील' असं पाटीवर लिहायचा मोह होतो. ते किती कमी वापरता येईल एवढं आपल्या हातात आहे, आणि त्याचा हिशोब पुढे करू.

सामान

फिल्टर पेपर, शक्यतो ८५-९० ग्रॅम प्रति चौरस मीटरचा. पेडॉट-पीएसएसचं द्रावण १०-१५ मिलिलिटर. ते महाग पडतं, म्हणून दोन-तीन कॉलेजांनी मिळून मागवावं. ते फ्रिजमध्ये ठेवा पण गोठू देऊ नका. एकदा गोठलं की त्याच्या गुठळ्या पुन्हा मोडत नाहीत. ते आम्लधर्मी असतं, हातमोजे घाला. ग्लिसरीन औषधाच्या दुकानात मिळतं, चायना ग्रास (अगर, वीज अडवणाऱ्या थराच्या जागी आपण त्याचं खारट जेल ठेवू) वाण्याकडे, ग्रॅफाइटची बारीक पूड प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या रसायनांच्या दुकानांत. दोन पेन्सिल सेल, एक किलोओहमचे दोन पोटेन्शिओमीटर (फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायचे रोधक), मगर-क्लिपा आणि डीटी-८३० जातीचा साधा मल्टिमीटर लॅमिंग्टन रोडवर. एकच मल्टिमीटर असेल तरी चालतं, दोन असले तर हात मोकळा राहतो.

चपड्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण पहिल्या वर्षी आमचा सगळा प्रयोग तिथेच फसला होता. चपडा म्हणजे लाखेच्या किड्याने पळस, बोर, कुसुमच्या फांद्यांवर केलेला राळेचा थर, धुऊन-गाळून पातळ पापुद्रे केलेला. झारखंडात तो सगळ्यात जास्त होतो. आम्ही एका दुकानातून स्वस्त म्हणून आणला, स्पिरिटमध्ये घातला, दोन दिवसांनी तळाशी जेली बसलेली आणि वरचं द्रावण लावलं तर आठवडाभर चिकट. जुना झाला की चपड्याचे रेणू एकमेकांत गुंततात, मग तो धड विरघळत नाही आणि धड वाळत नाही. फर्निचरला पॉलिश करणाऱ्या एका काकांना तो दाखवला. त्यांनी बोटांत चुरून वास घेतला आणि म्हणाले, "ताई, हा गेला. नवीन घ्या, आणि घेतल्या दिवशीच एक थेंब काचेवर टाका. उद्या सकाळी नख लावून बघा. नख रुतलं तर दुकानदाराला परत." तेव्हापासून काचेवरचा थेंब ही आमची पहिली चाचणी आहे. मेण काढलेला, फिकट चपडा मागा. मेणाचा असला तर थर धुरकट होतो आणि त्याच्यावर शाई धरत नाही.

विरघळवायला रंगाच्या दुकानातलं पॉलिशचं स्पिरिट चालतं. त्यात पिण्यायोग्य राहू नये म्हणून विषारी पदार्थ मिसळलेले असतात, तेव्हा खिडक्या उघड्या ठेवा आणि गॅस, बर्नर, उदबत्ती काही पेटलेलं नको.

पाया आणि शाई

वीस ग्रॅम चपडा शंभर मिलिलिटर स्पिरिटमध्ये रात्रभर झाकून ठेवा, मधून मधून हलवा, सकाळी मलमलीतून गाळा. फिल्टर पेपरचे २५ बाय ५० मिलिमीटरचे तुकडे कापा आणि मऊ ब्रशने दोन्ही बाजूंनी पातळ हात द्या. एक हात वाळल्यावर दुसरा, मग तिसरा. प्रत्येक हाताला साधारण तासभर.

हे काम जुलैत करत असाल तर सावध. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो, मुंबईच्या दमट हवेतलं पाणी त्याच्यावर बसतं आणि थर दुधासारखा पांढरा पडतो. पॉलिशवाले याला फार ओळखून असतात, पावसाच्या दिवसांत ते शेवटचा हात दुपारीच देतात. आम्ही तुकडे साठ वॅटच्या बल्बखाली वीतभर अंतरावर वाळवतो. पांढरा पडलाच तर स्पिरिटचा अगदी हलका हात फिरवून पुन्हा वाळवा, बहुतेक वेळा तो साफ होतो.

शाईसाठी याच द्रावणातलं १० मिलिलिटर घ्या, त्यात दोन ग्रॅम चपडा आहे. पाच ग्रॅम ग्रॅफाइट थोडं थोडं घालत खलात घोटा, काकवीइतकं दाट होईपर्यंत. हाताला कंटाळा आला तरी दहा मिनिटं घोटायचंच. गुठळी राहिली की तिथे रेघ तुटते. स्वित्झर्लंडच्या एम्पा संस्थेने २०२१ मध्ये चपडा आणि कार्बनची अशीच छापता येणारी शाई मांडली, फक्त तिच्यात ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांबरोबर काजळीसारखा बारीक कार्बनही होता. आपली शाई तेवढी चांगली वाहत नाही, पण या कामाला पुरते. वाळलेल्या रेघेवर चमच्याची पाठ घासा. ग्रॅफाइटचे पापुद्रे आडवे बसतात, रेघ चकाकते आणि रोध लक्षात येण्याइतका उतरतो. एक सेंटिमीटर लांब, तीन मिलिमीटर रुंद रेघेचा रोध काहीशे ओहमच्या आत यायला हवा. हजाराच्या वर असेल तर दुसरा हात द्या.

निळ्या पट्ट्या

पेडॉटच्या १० मिलिलिटर द्रावणात अर्धा मिलिलिटर ग्लिसरीन घाला आणि फेस न आणता हलवा. ग्लिसरीनमुळे पेडॉटच्या साखळ्या जवळ येऊन सरळ बसतात आणि चालकता वाढते. प्रयोगशाळांत बहुधा डीएमएसओ किंवा एथिलीन ग्लायकॉल ही द्रावकं वापरतात. एथिलीन ग्लायकॉल पोटात गेलं तर विषारी असतं, म्हणून मी ग्लिसरीनवरच थांबते.

फिल्टर पेपरच्या दोन प्रकारच्या पट्ट्या कापा: ४ बाय १६ मिलिमीटरची मार्गिका, जिच्यातून वीज वाहणार, आणि १२ बाय २५ मिलिमीटरचं गेट, जे ती वीज कमी-जास्त करणार. चिमट्याने धरून द्रावणात बुडवा, दहा सेकंदांनी काढा, ताटलीच्या कडेला जास्तीचं निथळू द्या, काचेवर वाळवा. पुन्हा एकदा तेच. मग ओव्हनमध्ये ११० अंशांना वीस मिनिटं. १२० च्या वर नेऊ नका. पीएसएस आम्ल आहे, गरम आम्लात कागद तपकिरी होऊन बिस्किटासारखा तुटतो. पट्टी चपड्यावर चिकटवण्याआधीच हे भाजून घ्यायचं, कारण चपडा ७५-८० अंशांना मऊ पडतो. पहिल्या वर्षी क्रम उलटा केला होता आणि ओव्हनची जाळी खरवडत बसावं लागलं.

थंड झालेल्या मार्गिकेच्या दोन टोकांना मीटर लावा. आमच्या पट्ट्या बहुतेक एक ते तीन किलोओहम भरतात. वहीत प्रत्येक पट्टीचा आकडा लिहून ठेवा.

जोडणी

मार्गिका चपड्याच्या तुकड्यावर मधोमध ठेवा. तिच्याखाली चपड्याचं द्रावण लावू नका, ते कागदात चढून मार्गिकाच बंद पाडेल. दोन्ही टोकांवर ग्रॅफाइटची शाई अशी द्या की ती पट्टीवरही चढेल आणि तुकड्याच्या कडेपर्यंत क्लिप लावायला जागा करेल. दोन शाईंमध्ये सहा-सात मिलिमीटर मोकळी पट्टी राहिली पाहिजे. वाळली की एका टोकाला उगम (सोर्स) म्हणा, दुसऱ्याला निर्गम (ड्रेन).

आता सगळ्यात नाजूक काम. थोडं चपड्याचं द्रावण उघड्या ताटलीत मधासारखं घट्ट होऊ द्या. बारीक ब्रशने शाई आणि पट्टीचा लगतचा भाग झाका, मधोमध चार मिलिमीटरची खिडकी उघडी ठेवा. द्रावण पातळ असेल तर ते तंतूंतून सरकत खिडकी बुजवतं. कमी लावलं तर उद्या मीठपाणी त्याच तंतूंतून शाईपर्यंत पोहोचतं. आमच्याकडे फसलेल्या दहापैकी सात तुकड्यांचा दोष या एका पायरीत सापडतो, तेव्हा इथे घाई नको. क्लिपेपुरती शाई कडेला उघडी ठेवा.

जेल करायच्या आधी स्पिरिटची बाटली बंद करून दुसऱ्या खोलीत न्या. शंभर मिलिलिटर पाण्यात दोन ग्रॅम चायना ग्रास आणि ०.६ ग्रॅम मीठ घालून उकळा, एकही तंतू दिसेनासा होईपर्यंत. सपाट ताटलीत तीन मिलिमीटर जाडीने ओता. ते चाळीस अंशांच्या खाली आपोआप धरतं, मे महिन्याच्या दुपारीही फ्रिज लागत नाही. १२ मिलिमीटरचा चौकोन कापून खिडकीवर ठेवा, त्याच्यावर गेटची निळी पट्टी, तिचं मोकळं टोक हवेत, क्लिपेसाठी शाई लावलेलं. वर काचेचा छोटा तुकडा वजन म्हणून. गेटचा जेलला टेकलेला भाग खिडकीच्या नऊ पट आहे. तो एवढा मोठा हवाच. लहान असला तर दिलेला बराचसा दाब (व्होल्टेज) गेटच्या तोंडाशीच खर्च होतो, मार्गिकेपर्यंत पोहोचत नाही.

चालू करून पाहणे

पहिल्या सेलचं धन टोक उगमाला. त्याच सेलवर बसवलेल्या पोटेन्शिओमीटरच्या मधल्या पायावरून ऋण दाब निर्गमाला द्या, वाटेत मल्टिमीटर २००० मायक्रोअॅम्पिअरच्या पट्ट्यावर. दाब ०.२ व्होल्ट. दुसऱ्या सेलचं ऋण टोक उगमाला, त्याच्या पोटेन्शिओमीटरचा मधला पाय गेटला. गेट आधी शून्यावर.

प्रवाह स्थिर होऊ द्या. मार्गिका दीड किलोओहमची असेल तर शाईचा रोध धरून शंभर-सव्वाशे मायक्रोअॅम्पिअर दिसतील. आता गेट हळूहळू ०.६ व्होल्टवर न्या आणि आकड्यावर नजर ठेवा. तो उतरू लागतो. झटकन नाही, कागद जाड आहे आणि आयनांना तंतूंतून वाट काढायची आहे. अर्धा-एक मिनिट द्या. पट्टी एकदाच बुडवून पातळ केली असेल तर खिडकीच्या कडेला निळा रंग गडद होतानाही दिसतो. मुलं त्या क्षणी गप्प होतात.

आत घडतं ते असं. पेडॉटच्या साखळ्यांवर धन प्रभाराच्या रिकाम्या जागा असतात आणि त्यांना तोलून धरायला शेजारी पीएसएसचे ऋण गट. गेटवर धन दाब दिला की जेलमधले सोडियम आयन मार्गिकेत ढकलले जातात आणि त्या ऋण गटांशी जोडी लावतात. पेडॉटचा धन प्रभार मग निरुपयोगी होतो, तो उगमाच्या बाजूने विझवला जातो आणि वीज वाहणारेच कमी होतात. म्हणजे हा ट्रान्झिस्टर दाब नसताना चालू असतो आणि दाब दिल्यावर बंद होत जातो. आयनांचं आणि इलेक्ट्रॉनिक वाहकांचं असं संभाषण करणारं उपकरण शरीराच्या खारट पाण्यात काम करू शकतं, म्हणूनच संशोधकांना ते इतकं प्रिय आहे.

परत चालू करायला गेटची तार नुसती काढू नका. तार काढली तर आयन आतच बसून राहतात आणि प्रवाह कितीतरी वेळ उतरलेलाच राहतो. गेट उगमाला जोडून शून्यावर आणा, मग तो वर येतो. गेटचा दाब ०.८ च्या पुढे नेऊ नका. पुढे पाण्याचंच विघटन सुरू होण्याची हद्द जवळ येते आणि पेडॉट खराब होतं.

काही बिघडलं तर आधी हे तपासा. गेट दिल्यावर प्रवाह अजिबात हलत नसेल तर खिडकी चपड्याने बुजली आहे, किंवा जेल तिला टेकलेलं नाही. प्रवाह उड्या मारत असेल तर क्लिप ओली आहे. धातूची क्लिप जेलला लागली की ती गंजते आणि मीटर तिचीच वीज दाखवतो. एकाच दिशेने हळूहळू सरकत राहिला तर पंखा बंद करा, जेल वाळतंय. जेलमधून ओहम मोजायचा प्रयत्न करू नका, आयनांमुळे आकडा भलताच येतो. रोध मोजायचा तो जेल ठेवण्याआधी, कोरडा.

वजनाचा हिशोब

तराजू मिलिग्रॅमचा असेल तर प्रत्येक थराआधी आणि नंतर वजन घ्या. आमचा जेलशिवायचा तुकडा साधारण तीनशे मिलिग्रॅम भरतो. त्यात कागद आणि चपडा मिळून बहुतेक सगळं, ग्रॅफाइट तीसेक मिलिग्रॅम. पेडॉटच्या द्रावणात शंभरात एक-सव्वा भागच घन पदार्थ असतो, त्यामुळे दोन्ही पट्ट्यांत मिळून दीड मिलिग्रॅमच्या आसपास जातो, म्हणजे अर्धा टक्का. कंपोस्टयोग्य वस्तूंच्या युरोपीय मानकात, ईएन १३४३२ मध्ये, एक टक्क्याहून कमी असलेल्या सेंद्रिय घटकाचं विघटन वेगळं सिद्ध करावं लागत नाही, अशा सगळ्या घटकांची बेरीज पाच टक्क्यांच्या आत असली म्हणजे झालं. पण यामुळे आपला तुकडा प्रमाणित होत नाही. ग्रॅफाइटही कुजत नाही, ते खनिज म्हणून मातीत राहतं, आणि वहीत ते तसंच लिहायचं.

पुरणे

जेल आणि क्लिपा काढून तुकडा वाळवा, वजन करा, नायलॉनच्या जाळीत घाला. पिशवी सुती नको, ती तुकड्याआधी कुजेल. कुंडीत अर्धी बागेची माती, अर्धं तयार कंपोस्ट. दहा सेंटिमीटर खोल पुरा. माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये, इतका ओलावा ठेवा. शेजारी तुलनेचे तुकडे हवेतच: साधा कागद आणि प्लॅस्टिकची पट्टी. कागद कुजला नाही तर तुमची मातीच मेलेली आहे आणि बाकीच्या आकड्यांना अर्थ नाही. दर दोन आठवड्यांनी एक पिशवी काढा, तुकडा हळू धुवा, वाळवा, तोला, फोटो काढा. एकच तुकडा पुन्हा पुन्हा उकरू नका, सुरुवातीलाच पाच-सहा पुरा.

चपड्याचे हात तीनऐवजी एक केला तर तुकडा किती लवकर जातो, हे याच पद्धतीने शोधायचं. आयुष्य लांबवायचं की आखडायचं, याची किल्ली आपल्याकडे ही एक आहे.

वजनाबरोबर मातीची तब्येतही पाहायची. त्याला अळीव उत्तम. लाडवातले हेच अळीव कंपोस्टची विषारीता तपासायला जगभर वापरतात, कारण ते दोन-तीन दिवसांत रुजतात आणि विषाला चटकन प्रतिसाद देतात. तुकडा कुजलेल्या मातीचा पाण्यातला अर्क गाळून एका ताटलीत ओल्या फिल्टर पेपरवर पंचवीस दाणे पेरा. दुसऱ्या ताटलीत तुकडा न पुरलेल्या मातीचा अर्क, तिसरीत साधं पाणी. तिसऱ्या दिवशी किती रुजले ते मोजा आणि मुळांची लांबी पट्टीने घ्या.

शरीराजवळ न्यायचं असेल तर

इथे माझा सूर कडक आहे. घरी किंवा कॉलेजात बनवलेला तुकडा जखमेवर, डोळ्याजवळ, तोंडात, लहान मुलाच्या अंगावर ठेवायचा नाही. प्रत्येक घटक निर्धोक असला तरी बनलेली वस्तू निर्धोक असतेच असं नाही. आपल्या तुकड्यात पॉलिशच्या स्पिरिटचा अंश आहे, पीएसएसचं आम्ल आहे, प्रिन्सेस स्ट्रीटच्या ग्रॅफाइटमध्ये कुठला धातू किती आहे ते आपण तपासलेलं नाही. सुसंगतीची पहिली पायरी म्हणजे वैद्यकीय उपकरणांसाठीच्या आयएसओ १०९९३ या आंतरराष्ट्रीय मानकांच्या मालिकेतला पाचवा भाग. वस्तूचा अर्क ३७ अंशांना काढायचा, तो प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर घालायचा, बहुधा उंदराच्या एल९२९ पेशी घेतात, आणि किती जगल्या ते मोजायचं. जिवंत पेशी ७० टक्क्यांच्या खाली आल्या तर वस्तू पेशींना घातक धरली जाते. ही फक्त पहिली पायरी. त्वचेची जळजळ, अॅलर्जी आणि पुढच्या चाचण्या त्यानंतर.

ज्यांना त्या वाटेने जायचं आहे त्यांनी सुरुवातीपासून स्पिरिटऐवजी शुद्ध एथेनॉल वापरावं. त्याला कॉलेजच्या नावाने परवाना लागतो. बनवलेला तुकडा पीएच ७.४ च्या फॉस्फेट-मिश्रित मीठपाण्यात ३७ अंशांना ठेवून दर दिवशी त्या पाण्याचा पीएच मोजावा. पीएच घसरला तर आम्ल बाहेर पडतंय, आणि पेशींकडे जाण्याआधी पट्ट्या पाण्यात धुऊन घ्यायला हव्यात. पेशींची सोय असलेल्या विभागाशी बोलायला जाताना ही पीएचची वही आणि वजनांचा तक्ता बरोबर न्या, पहिला प्रश्न त्यांचा तोच असतो.

यंदाच्या पावसाळ्यासाठी आम्ही सहा तुकडे तयार ठेवले आहेत, तीन एका हाताचे, तीन तीन हातांचे. पिशव्यांना नायलॉनचीच दोरी बांधली आहे आणि दोरीच्या टोकाला नंबर. गेल्या वर्षी दोरी सुतळीची होती, ती आधी कुजली आणि कुठली पिशवी कुठली हे ओळखायला अख्खी कुंडी उपसावी लागली.